गुरोमावशीची चाल

आस्लाकचं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या पायरीवर बसून वाद्याच्या गजाला राळ लावत होतो. मे महिना होता. समोरच्या डोंगरावरून बर्फाचं पाणी धो धो कोसळत होतं आणि आत पोरं ओरडून पाढे म्हणत होती. पत्र चारच ओळींचं. खाली सही तीच, जी आमच्या चर्चमधल्या प्रत्येक चालींच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेली आहे.

"मोन्स, जूनमध्ये येतोय. छातीचं दुखणं आहे, डॉक्टर फार काही बोलत नाहीत. गाणी लिहायला म्हणून येत नाही, मिरवायला तर नाहीच. आईची ती संध्याकाळच्या स्तोत्राची चाल मरायच्या आधी एकदा ऐकायची आहे. कोण गातं अजून?"

मी पत्राची घडी करून खिशात घातली आणि उत्तर लिहिलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. ती चाल आता कोणीच गात नव्हतं. आणि मरण्याआधीची शेवटची बारा वर्षं खुद्द त्याची आई गुरोमावशीही ती गात नव्हती. का गात नव्हती, हे गावात दोघांनाच नीट माहीत होतं, मला आणि माझ्या बायकोला.

आमचं जुनं गाणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळणं अवघड, तरी सांगतो. स्तोत्राचे शब्द पुस्तकात असायचे, पण चाल ज्याच्या त्याच्या गळ्यात. मूळ चाल एकच, वळणं मात्र प्रत्येकाची निराळी. कुणी सुराला खालून हात लावायचा, कुणी वरून घसरत यायचा, कुणी दोन सुरांच्या मधल्या फटीत जाऊन खुशाल बसायचा. आणि सगळं इतकं सावकाश, की आमचा शुरकाका म्हणायचा, पहिल्या कडव्याला मी घरून वल्हं मारायला घेतो आणि दुसऱ्याला बाकावर येऊन बसतो. परक्या माणसाला तो निव्वळ गोंगाट वाटे. मला मात्र लहानपणापासून वाटत आलंय की गुराखी जसा धुक्यात गळ्यातल्या घंटेवरून गाय ओळखतो, तसा देव त्या गोंगाटातून एकेकाचा गळा ओळखत असणार. आमचे जुने पाद्रीसाहेब तर उपदेशसुद्धा अर्धा बोलायचे आणि अर्धा गायचे. बोललेला अर्धा मी केव्हाच विसरलो. गायलेला अर्धा अजून नांगर धरताना आपोआप ओठांवर येतो. शब्द कानापर्यंत येतो आणि गायलेला शब्द आत शिरून बसतो, असं माझं तरी मत आहे.

या सगळ्या गळ्यांत गुरोमावशीचा गळा वेगळा. ब्रेक्के शेतावरच्या झोपडीत राहणारी ती विधवा. नवरा हेरिंग मासळीच्या मोसमात बुडालेला, पदरात एकच मुलगा. संध्याकाळी ती दारात बसून सूत कातायची आणि गायची:

दिवस सरला, प्रभो,
वाट अंधारली,
हात धरून ने मला
तुझ्या दाराशी.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी, त्या 'मला'वर, तिचा आवाज वर चढायचा. वर जाऊन क्षणभर घुटमळायचा, इकडे की तिकडे असा, आणि मग तीन पायऱ्या उतरून खाली यायचा. मी आणि आस्लाक कुंपणावर बसून ऐकायचो. आस्लाक नऊ वर्षांचा असताना मला म्हणाला होता, "मोन्स्या, ती वर जाते ना, तेव्हा मला भीती वाटते की ती परत यायचीच नाही."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, वर्तमानपत्रांत आलेलं आहे. पाद्रीसाहेबांनी पोराचा कान ओळखला, त्याला शिकायला बर्गन शहरात धाडलं. तिथून परदेशात, लाइपझिगच्या संगीतशाळेत. तीन वर्षांनी परत आला तो राजधानीत, मोठ्या चर्चचा ऑर्गनवादक होऊन. पुरुषांच्या गायकवृंदांसाठी त्याने केलेली गाणी देशभर गायली गेली. त्याची मोठी वाद्यरचना दोनदा वाजवली गेली, एकदा राजासमोर. डॅनिश बायको केली, ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. व्यापाऱ्यांच्या मुलींना पियानो शिकवून तो दिवस काढत होता, तेव्हा सरकारने त्याला काम दिलं: देशातल्या सगळ्या चर्चांसाठी स्तोत्रांच्या चालींचं एक पुस्तक कर. ते त्याने केलं. प्रस्तावनेत लिहिलं, "लोकांच्या तोंडी या चालींवर वर्षानुवर्षं चढलेली पुटं काढून टाकली आहेत." प्रत्येक सूर सरळ, प्रत्येकाची लांबी मोजलेली. दोन सुरांच्या मधली फट कायमची बंद.

आमच्या गावी ऑर्गन नव्हता आणि अजूनही नाही. पुस्तकाबरोबर मला मिळाली एका तारेची लाकडी पेटी. गज ओढला की ती सरळ सूर काढते, वळण म्हणून तिला माहीत नाही. मी गावचा मास्तर. आठवडाभर पोरांना शिकवायचं आणि रविवारी सगळ्यांच्या पुढे उभं राहून स्तोत्र उचलायचं, हे माझं काम. मित्राचं पुस्तक होतं, मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. एखाद्या पोराने घरून आणलेलं वळण घेतलं की मी गजाने बाकावर टक् करायचो. एकदा तर भर चर्चमध्ये माझ्या बायकोकडे पाहून म्हणालो, "हेरबोर्ग, पुस्तकातलं गा." तिने तोंड मिटलं ते मिटलंच. त्या दिवसापासून ती फक्त डोंगरावरच्या उन्हाळी गोठ्यात गायची, गाईंसमोर.

आणि एका सोमवारी गुरोमावशी शाळेत आली. वय साठीच्या पुढे. पहिल्या बाकावर पोरांच्या शेजारी बसली. गुडघे मावेनात, तेव्हा तिरकी झाली.

"मास्तर, माझ्या आस्लाकने लिहिलंय तसं मला शिकव."

"मावशी, तुला काय शिकवायचं?"

"माझं चुकीचं होतं ना इतकी वर्षं. कुणी सांगितलं असतं तर आधीच सुधारलं असतं. लेकराने एवढं राजधानीत बसून लिहिलं, आणि त्याच्या आईनेच चुकीचं गायचं? बरं दिसतं का ते?"

सबंध हिवाळा ती येत राहिली. तिचा गळा वर जायला निघाला की मी गज उगारायचो. ती तोंडावर हात ठेवून लहान मुलीसारखी हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून धरायची. वसंतापर्यंत तिला सरळ चाल आली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. देवा, मी थाप मारली.

जूनच्या दुसऱ्या बुधवारी आगबोट आली. आमच्याकडे धक्का नाही, बोट खाडीच्या मध्यावर थांबते आणि शुरकाका होडी घेऊन जातो. मीही गेलो. शिडीवरून उतरला तो माणूस पन्नाशीचा, पण सत्तरीचा वाटत होता. काळा कोट, उंच टोपी, कोटाच्या आत अंगावर काही उरलेलं नाही.

"या या, साहेब!" शुरकाका म्हणाला. "टोपी धरून बसा. आमच्या वाऱ्याला शहरी टोप्या फार आवडतात."

"शुरकाका, ओळखलं नाहीस मला?"

"न ओळखायला काय झालं! गुरोचं पोरगं तू. माझ्या होडीतून मासे चोरायचास."

"एकदा चोरला होता, काका."

"एकदा सापडला होतास."

आस्लाक हसला आणि हसताहसता खोकू लागला. खोकला थांबायला वेळ लागला. शुरकाकाने वल्ही धरून ठेवली, दुसरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या पुस्तकाने गावाचं भलं केलं बघ. आधी रविवारी दोन तास बसायचो, आता सव्वा तासात सुट्टी. मासळीला वेळ मिळतो."

"आणि तू? तू गातोस ना?"

"मी नुसतं तोंड हलवतो रे. पुस्तकाबरोबर गायला गेलो तर मी एकटाच मागे राहतो आणि पोरं फिदीफिदी हसतात. या वयात कशाला शोभा करून घ्यायची?"

आस्लाकने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

हेरबोर्ग गुरं घेऊन आधीच डोंगरावर गेली होती, त्यामुळे घरी मी एकटाच. वाळवलेलं मटण कापलं, पातळ कडक भाकरी काढली, दूध ठेवलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, वास घेतला, पण खाल्ला नाही.

"पत्राला उत्तर नाही दिलंस."

"शाळा चालू होती."

"खोटं बोलायला तू अजून शिकला नाहीस, मोन्स. बाकी सगळं शिकलास." त्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "माझी वही अजून माझ्याकडे आहे, सतराव्या वर्षी आईच्या पुढ्यात बसून लिहिलेली. लाइपझिगला मास्तरांना दाखवली होती. त्यांनी पियानोवर बोटं ठेवली, दोनदा वाजवून पाहिलं आणि म्हणाले, छान आहे, पण इथे लिहिलेले सूर या वाद्यात नाहीत. वीस वर्षांचा होतो मी. म्हटलं, वाद्य एवढं मोठं, चूक माझीच असणार. माझी नाही तर आईची. त्या दिवसापासून मी सुधारतच गेलो."

"आता काय होतंय?"

"आता डोळे मिटले की पहिली ओळ येते. दुसरी येते. तिसरी येते आणि तिच्या शेवटाला माझंच पुस्तक वाटेत उभं राहतं. पलीकडे आई असते आणि मला पलीकडे जाता येत नाही. मला काही लिहायचं नाही रे. एकदा ऐकायचंय, एवढंच."

सगळं बोलून टाकायची ती वेळ होती. मी म्हणालो, "हेरबोर्गला विचारू. मावशीच्या अखेरच्या दिवसांत तीच तिच्याजवळ होती."

दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसवून त्याला वर नेलं. तीन तासांची चढण, आम्हाला सहा लागले. भूर्जांची झाडं संपली तिथे तो घोड्यावरून उतरून पालथा झाला आणि ओढ्याचं पाणी प्याला. कोट चिखलाने भरला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

हेरबोर्ग बाह्या वर करून चुलीवरच्या मोठ्या कढईत चीज आटवत होती. तिने आम्हाला दारातूनच पाहिलं.

"पाय पुसून या दोघं. भाऊ, तुम्ही तर निम्मे राहिलात! शहरात जेवायला घालत नाहीत की काय?"

"घालतात, वहिनी. पण तिथे आंबट सायीची लापशी मिळत नाही."

"म्हणून तर करून ठेवलीय. बसा. आणि आधीच सांगते, मला गा म्हणायचं नाही. ह्यांची चिठ्ठी आली होती काल शेजारच्या पोरीबरोबर, सगळं कळलंय मला. मी कुणाला दाखवायला गात नाही. दूध काढताना गाते. ऐकायचं तर गोठ्यामागच्या दगडावर बसा, कान काही मी धरून ठेवत नाही."

त्याने लापशीची वाटी निपटून खाल्ली. मग जाऊन दगडावर बसला, मी शेजारी. उन्हं डोंगराच्या खांद्यावर टेकली होती. आतून दुधाच्या धारेचा आवाज आला, आणि मग हेरबोर्गचा. माझ्या बायकोचा तो आवाज मी अठरा वर्षं ऐकला नव्हता. उन्हाळ्यात मी सहसा वर जात नसे, शेतकाम असायचं. खरं म्हणजे, ऐकायला लागू नये म्हणून जात नसे. ती जुन्या चालीने गात होती, सावकाश, धारेच्या लयीत. 'मला'वर तिचा आवाज खाली वाकला, जमिनीलगत फिरला आणि तिथूनच हळूच वर आला.

आस्लाक डोळे मिटून ऐकत होता. चौथी ओळ संपली तसा म्हणाला, "सुंदर आहे. पण हे आईचं नव्हे."

हेरबोर्ग बादली घेऊन बाहेर आली. "नाहीच मुळी. हे माझं आहे."

"पण तुम्ही तर तिच्या शेजारी बसून शिकलात."

"तिच्या शेजारी बसून मी माझं शिकले, भाऊ. शिकणं म्हणजे तेच असायचं. गळा काय उसना मिळतो?"

"मग आईचं कुणाकडे आहे?"

हेरबोर्गने बादली खाली ठेवली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, तुम्ही अजून सांगितलं नाहीत?"

मग मी सांगितलं. पहिला बाक सांगितला, तिरके गुडघे सांगितले, गज सांगितला, पाठीवरची थापही सांगितली. मी थांबल्यावर तो म्हणाला,

"माझ्या पुस्तकातून शिकली?"

"हो."

"पोरांच्या बाकावर बसून?"

"हो. म्हणायची, लेकराने लिहिलंय तेच बरोबर."

तो हसल्यासारखा झाला. ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

"आस्लाक, मला क्षमा कर. गज माझ्या हातात होता."

"पुस्तकावर नाव कुणाचं आहे, मोन्स?" असं म्हणून त्याने टोपी काढली आणि दगडावर ठेवली. "म्हणजे संपलं. ती तिच्या हातांनीच पुसून गेली. आणि माझ्यासाठी पुसून गेली."

"झालं तुमचं दोघांचं?" हेरबोर्ग म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण डोळे भरले होते. "पुरुष माणसांना एक गोष्ट कळली की ती पुरती कळली असंच वाटतं. आता मी बोलते. तिच्या उशाशी तो सगळा हिवाळा मी होते, मास्तर नव्हते. रोज संध्याकाळी गायची ती. तुमचं पुस्तक पांघरुणावर उघडं. त्यातलं एक चिन्ह तिला वाचता येत नव्हतं, पण उघडं लागायचं. पहिली ओळ तुमची, सरळ. दुसरी सरळ. तिसरीच्या शेवटी गळा जुन्या वाटेने वर जायला बघायचा. आणि ती त्याला अडवायची. श्वास थांबायचा. एवढासाच. मग चौथी ओळ. रोज तिथेच, आणि एकदाही चुकलं नाही. शेवटी मीच म्हटलं, मावशी, जाऊ दे की त्याला वर. इथे मास्तर नाहीत, पाद्री नाहीत, कोण ऐकतंय? तर म्हणाली, नको गं. आस्लाकने तिथे काही लिहिलेलं नाही."

गाईंच्या घंटा वाजत होत्या. आस्लाकने विचारलं, "वहिनी, तसं गाऊन दाखवाल? तिने अडवलं तसं?"

जी बाई कुणाला दाखवायला गात नव्हती, तिने कमरेच्या फडक्याला हात पुसले, त्याच्यासमोर गवतात बसली आणि गायली. माझ्याच शाळेतली सरळ चाल, साधी, गुळगुळीत. 'हात धरून ने मला.' आणि तिथे तिचा श्वास अडकला. मी ती जागा आयुष्यभर ऐकत आलो होतो, तरी मला प्रथमच ऐकू आली. आवाज नव्हता तिथे. वर जायला उचललेलं पाऊल होतं, आणि ते हवेतच राहिलेलं. गुरोमावशी सबंध तिथे होती.

आस्लाकचे ओठ हलले. "पुन्हा."

हेरबोर्ग पुन्हा गायली.

"पुन्हा, वहिनी."

तीनदा झालं. मग त्याने कोटातून पेन्सिल काढली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी सवयीने पुस्तक बरोबर घेतलेलं होतं. त्याने ते गुडघ्यावर उघडलं, तिसऱ्या ओळीच्या शेवटावर पेन्सिलचं टोक टेकवलं. बराच वेळ तसंच टेकवून ठेवलं.

"काय लिहू, मोन्स? इथे विराम लिहिला तर गाणारे विसावा घेतील. ती विसावा घेत नव्हती."

त्याने पेन्सिल खिशात ठेवली. पानावर एक बारीक ठिपका तेवढा उमटला.

आस्लाक पुढच्या मार्चमध्ये राजधानीत वारला. वर्तमानपत्रांनी काळ्या चौकटी छापल्या, गायकवृंदांनी त्याची गाणी गायली, त्याने शेवटची सहा वर्षं काहीच का लिहिलं नाही याबद्दल विद्वानांनी बरंच लिहिलं. ते वाचून मला राग आला नाही. त्यांना कसं माहीत असणार! पण मला सांगायचंय ते गावातल्या त्याच्या शेवटच्या रविवारचं.

हेरबोर्ग शेजारच्या पोरीवर गुरं सोपवून खाली आली होती. आमच्या चर्चमध्ये बायका डाव्या अंगाला बसतात, पुरुष उजव्या. आस्लाक आत आला, टोपी काढली आणि सरळ डावीकडे वळला. तिसऱ्या बाकापाशी, जिथे गुरोमावशी चाळीस वर्षं बसली, तिथे जाऊन उभा राहिला. सगळ्या माना वळल्या. पाठीमागून शुरकाकाचा आवाज आला, "अरे साहेब, बायकांत कुठे निघालात?" पण त्या बाकावरच्या बायका सरकल्या आणि हेरबोर्गच्या शेजारी त्याला जागा झाली.

उपदेश झाला. फळ्यावर दुसऱ्याच स्तोत्राचा आकडा लावलेला होता. मी उभा राहिलो आणि सकाळी अकरा वाजता संध्याकाळचं स्तोत्र उचललं. पाद्रीसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याबद्दल नंतर मला ऐकून घ्यावं लागलं, ते योग्यच होतं.

मी पुस्तकातलंच गायलो. दुसरं काही मला येत नव्हतं, माझं वळण मी पुस्तकापायी केव्हाच गमावलं होतं. पोरं माझ्यामागे सरळ येत होती. पहिली ओळ झाली. डावीकडून आस्लाकचा आवाज येत होता, चिरका, दमलेला, पण सुरात. दुसरी ओळ झाली. 'हात धरून ने मला' म्हणालो आणि त्याचा आवाज थांबला.

पुस्तकात त्या सुराला दोन मात्रा आहेत. वीस वर्षं मी दोनच दिल्या. दोन झाल्या, पोरं चौथ्या ओळीत शिरलीसुद्धा. मी शिरलो नाही. मी तो सूर धरून उभा राहिलो. पोरांनी माझ्याकडे पाहिलं, एकेक जण गोंधळून थांबला, परत आला, माझ्या सुराला येऊन मिळाला. तीन, चार, पाच. छाती दुखायला लागली. मी बाकाकडे पाहिलं. आस्लाकने दोन्ही हातांनी पुढचा बाक धरला होता, तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. शेजारी हेरबोर्ग. अठरा वर्षं चर्चमध्ये मिटलेले तिचे ओठ उघडले आणि माझ्या सुराखाली तिचा सूर येऊन लागला, जमिनीलगतचा, तिचा स्वतःचा. मागून कुठून तरी शुरकाकाचा फाटका आवाज आला, त्याच्या वळणाने. मग आणखी एक म्हातारी. मग आणखी कुणी. कुणी घाई केली नाही. जुन्या दिवसांत कुणी मागे राहिलं की सगळे असेच थांबायचे, हे मी विसरून गेलो होतो.

माझा श्वास संपला तरी सूर संपला नाही, इतरांनी तो धरला होता. मी नवा श्वास घेतला आणि पुन्हा त्यात शिरलो.

आणि मग आस्लाकचा आवाज आला. तो वर गेला की अडला, हे मला विचारू नका. हेरबोर्ग म्हणते वर गेला, शुरकाका म्हणतो पोरगं नुसतं रडलं. मी पुढे उभा होतो, माझे डोळे भरले होते, मला एवढंच कळलं की तो आला.

मग आम्ही चौथी ओळ घेतली.